संमेलनाला जोडून सहली: साताऱ्यात कुठे न्यावं, कधी न्यावं आणि पैशाचा मेळ कसा घालावा

प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात साताऱ्यात विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचं संमेलन आहे. शुक्रवारी दुपारी चारला उद्घाटन, रविवारी संध्याकाळी समारोप. दीडशे ते पावणेदोनशे माणसं येतील, त्यातली निम्म्याहून जास्त पुणे-मुंबई-नाशिककडची. ज्यांना हवं त्यांच्यासाठी आसपास फिरवून आणायच्या सहली ठेवायच्या आहेत. कच्च्या पत्रकात कास, ठोसेघर, वासोटा, महाबळेश्वर, कोयना आणि सज्जनगड अशी सहा नावं आहेत. प्रत्येक सहलीला पन्नास सीटची बस ठरवावी का, असं विचारलं आहे.

बस ठरवू नका, आणि ही सहाही नावं पत्रकातल्या सहलींतून काढा. ठिकाणं वाईट नाहीत, पण तुमचा महिना, तुमचे वार आणि तुमची माणसं यांच्याशी त्यांचं जमत नाही.

कासचं पठार फुलतं ते ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद हे सगळं त्या पाच-सहा आठवड्यांतलं. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत आणि कातळ असतो. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला नाव पक्कं ठाऊक असतं आणि तो मनात फुलांचा गालिचा घेऊनच येतो. गाडीतून उतरल्यावर त्याचा जो हिरमोड होतो तो संमेलनाच्या खात्यावर जमा होतो. ठोसेघरचंही तसंच, पाऊस संपून दोन महिने झाले की धार बारीक होते. वासोट्याला आधी बामणोलीपर्यंत गाडी, मग शिवसागर जलाशयातून लाँचने तास-दीड तास, वन खात्याची परवानगी, मग जंगलातली चढण. पहाटे निघालेला माणूस अंधार पडल्यावर परततो. ती स्वतंत्र मोहीम आहे, संमेलनाची जोडसहल नव्हे. महाबळेश्वर शनिवार-रविवारी गाड्यांनी तुंबलेलं असतं आणि तुमच्या बहुतेकांनी ते पाहिलेलं असतं. कोयनानगर एका बाजूनेच नव्वद किलोमीटरच्या आसपास पडतं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी असलेला संबंध विज्ञानकथावाल्यांना ओढून नेईल हे खरं, पण तो विषय सभागृहात तासाभराच्या व्याख्यानात जास्त चांगला उलगडतो. सज्जनगड जवळ आहे, पंधराएक किलोमीटर. ज्याला जायचं तो स्वतः जाऊन येतो. पत्रकात एसटीची माहिती आणि दुपारच्या प्रसादाचा उल्लेख दोन ओळींत द्या, तेवढं पुरतं.

मग काय ठेवायचं? तीनच सहली: शुक्रवारी सकाळी औंध, रविवारी पहाटे लिंबची बारा मोटेची विहीर, सोमवारी दिवसभर वाई, मेणवली आणि भिलार. शनिवारी काहीही नाही. शनिवार हा संमेलनाचा भरीव दिवस असतो. त्या दिवशी चाळीस माणसं गाडीत बसून गेली तर व्याख्यात्यासमोर रिकाम्या खुर्च्या येतात, आणि गेलेले परत येऊन आपलं काय काय चुकलं याची चुटपुट करत बसतात. सहल ऐच्छिक आहे हे खरं केव्हा होतं? ती न घेणाऱ्याचं काही बुडत नाही आणि घेणाऱ्याचंही संमेलनातलं काही बुडत नाही, तेव्हा. म्हणून सहल संमेलनाच्या कडेला ठेवायची, मध्ये घुसवायची नाही. समारोपानंतरची सहल सगळ्यात चांगली भरते, कारण तोवर माणसांच्या ओळखी झालेल्या असतात आणि त्यांना आणखी एक दिवस एकत्र हवा असतो.

औंध शुक्रवारीच का, तर श्रीभवानी संग्रहालय सोमवारी बंद असतं. वार उलटे लावले तर माणसं कुलपासमोर उभी राहतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं हे संग्रहालय तुमच्या मंडळींना आवडेल. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे. यमाईच्या टेकडीखालच्या या छोट्या गावात ते असेल असं कुणाच्या मनात येत नाही. सातारा ते औंध रहिमतपूरमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, पण तासात पोचू असं धरू नका. डिसेंबरात उसाचा हंगाम भरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे आला की अरुंद रस्त्यावर ओलांडायला जागा मिळत नाही. सव्वा ते दीड तास धरा. साडेआठला निघून दहाच्या सुमारास पोचणं, बाराला निघणं, दीडपर्यंत परत, जेवण, आणि चारच्या उद्घाटनापर्यंत अडीच तासांची मोकळीक. ही मोकळीक कुणी मागितली तरी देऊ नका. वाटेत टायर पंक्चर झालं तर तीच कामी येते. आत फोटो काढू देतात का आणि उघडण्याची त्या दिवशीची नक्की वेळ काय, हे आठवडाभर आधी फोन करून विचारा आणि गट किती जणांचा येतोय तेही कळवा.

तारीख पक्की करण्याआधी पंचांग उघडा. मार्गशीर्ष अमावस्येला पुसेगावात सेवागिरी महाराजांचा रथ असतो आणि त्या बाजूच्या रस्त्यांवर गर्दी लोटते. पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरीला, वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा असते. तेव्हा वाईतून गाडी बाहेर काढायलाच वेळ जातो. औंधच्या यमाईची यात्राही पौषातलीच. यांपैकी कोणतीही तिथी तुमच्या चार दिवसांत किंवा त्यांना लागून आली तर ते गाव गाळून दुसरं घ्या. पोलिसांनी वाहतूक वळवली की ठरवलेलं एकही वेळापत्रक टिकत नाही.

लिंबच्या विहिरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या गटासाठी ती खास आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ही बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटेची, पण मोटा लावायच्या जागा पंधरा. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटात दगडी खांबांचा महाल लागतो, भिंतींवर हत्ती, वाघ आणि शरभ कोरलेले आहेत, वर बसायची जागा आहे. जमिनीखाली दडवलेला राजवाडा अद्भुतकथा वाचणाऱ्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. साताऱ्याहून पंधराएक किलोमीटर, महामार्गावरून नागेवाडीजवळ आत. पावणेसातला निघा, सव्वासातला पोचा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे उजेड कोवळा असतो आणि गर्दी नसते. आठ-सव्वाआठला निघून नाष्ट्याला परत. साडेनऊच्या सत्राला सगळे खुर्चीत असले पाहिजेत.

इथे काय बिघडतं तेही सांगतो. महालात एका वेळी पंधरा-वीसच्या वर माणसं सोडू नका. पायऱ्या उंच आहेत आणि कठड्याजवळ फोटोसाठी रेटारेटी होते. काठावर बसून, मागे झुकून सेल्फी घेणाऱ्यांसाठी एक माणूस वरच उभा ठेवा, त्याचं दुसरं काही काम नको. आग्यामोहोळ दिसलं तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही बंद. मधमाश्या उठल्या तर खोल जागेत पळायला वाट नसते. आणि भरवसा ठेवावा असं स्वच्छतागृह तिथे गृहीत धरू नका. निघण्याआधीच सांगून ठेवा.

सोमवारची सहल सगळ्यात मोठी आहे. साडेसातला निघायचं, आनेवाडीच्या टोलनाक्यावरून पुढे पाचवडला वळून वाई. वाटेत किंवा वाईत नाष्टा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. ते पाहायला अर्धा तास पुरतो. तिथून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली मोठी घंटा. २००४ च्या ‘स्वदेस’चं चित्रीकरण या घाटावर झालं आहे. चित्रपटप्रेमी तिथे ठरावीक कोनातून फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून या थांब्याला तास नव्हे, सवा तास द्या. वाड्यात आतून पाहायचं असेल तर आधी विचारून, वेळ ठरवून ठेवा. बंद दारावर थाप मारून पस्तीस माणसं आत घेता येत नाहीत.

मग पसरणी घाटाने पाचगणी आणि भिलार. ४ मे २०१७ ला हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घरोघरी, देवळात, शाळेत कपाटं आहेत, एका ठिकाणी एका प्रकारची पुस्तकं, कोणीही जाऊन वाचत बसावं. तुमची माणसं इथे हरवतात, आणि मी हे कौतुकाने लिहितोय. पण गाडीला त्याचा हिशोब लागतो. प्रत्येकाला गावाचा साधा हाती काढलेला नकाशा द्या, विज्ञानकथा आणि बालसाहित्याच्या घरांवर खूण करा, आणि दोन वेळा सांगा: ‘साडेतीनला गाडीत, पावणेचारला निघणार.’ भिलारला जेवणाची सोय हवी असेल तर संख्या दोन दिवस आधी कळवावी लागते. तीसेक माणसांच्या पिठलं-भाकरीला तयारी लागतेच. घरांत वाचायला बसताना तिथल्या घरच्यांची दुपारची वामकुक्षी मोडू नये, एवढं भान गटप्रमुखाने सगळ्यांना आधीच द्यावं.

आता गाड्या. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. एसटीच्या प्रासंगिक कराराच्या, म्हणजे खास भाड्याने मिळणाऱ्या, बस शाळा आधीच अडवून ठेवतात, शिवाय मोठी बस मेणवलीच्या गल्लीत आणि लिंबच्या आतल्या रस्त्यावर वळवताना दमछाक करते. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर तुमच्या कामाची. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. कुणा सदस्याच्या ओळखीची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी यांचे फोटो आठवडाभर आधी मागवा. चालक रविवारी रात्री दुसरी लांबची फेरी करून सोमवारी सकाळी तुमच्याकडे येणार नाही, हे मालकाकडून कबूल करून घ्या. पसरणी घाटात झोप न झालेला चालक सगळ्यात मोठा धोका आहे.

पैशाचं गणित एका गाडीवर मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या वेळचे दर घाला. बहुतेक खासगी गाडीवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात, गाडी तेवढी फिरो न फिरो. समजा ३०० किलोमीटर आणि दर ३० रुपये, म्हणजे ९,०००. चालकाचा भत्ता ५००, टोल आणि पार्किंग ६००, माहितगाराचं मानधन १,५००, पाणी-खाऊ सतरा जणांचा ८० रुपयांप्रमाणे १,३६०. एकूण १२,९६०. सतरापैकी एक जागा गटप्रमुखाची, एक माहितगाराची, म्हणजे पैसे देणारे पंधरा. पण भाग पंधराने देऊ नका, बाराने द्या. दोन-तीन जण शेवटच्या दिवशी गळतातच. १,०८० येतात, १,१०० लावा. पंधराही आले तर १६,५०० जमतात आणि साडेतीन हजार उरतात. ते कुठे जाणार हे आधी जाहीर करा. संमेलनाच्या पुस्तकखरेदीला दिले तर कुणी हरकत घेत नाही. उलट, सहलीचा तोटा नोंदणीशुल्कातून कधीही भरू नका. सहलीला न गेलेल्याने गेलेल्याचं भाडं का द्यावं? या एका गोष्टीवरून मंडळं फुटतात. म्हणून सहलीचा जमाखर्च पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत.

अडचणीचा आकडा सोळा ते तेवीस. पंधरापर्यंत एक गाडी, चोवीसपासून दोन गाड्यांचा खर्च निघतो, मधल्यांसाठी दुसरी गाडी तोट्यात जाते. सोळाव्यापासून प्रतीक्षायादी ठेवा, पैसे घेऊ नका. मुदतीच्या दिवशी यादीत सहाच्या आत माणसं असतील तर सहा-सात आसनी गाडी जोडा, नऊच्या आसपास असतील तर दुसरी ट्रॅव्हलर घेऊन पत्रकावर पुन्हा एकदा आवाहन करा. बाराच्या खाली नोंदणी राहिली तर सहल रद्द होईल, हे वाक्य पत्रकात पहिल्या दिवशीच छापा. नंतर सांगितलं तर ती फसवणूक वाटते. मुदत संमेलनाच्या बारा दिवस आधी. दहा दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा, चार दिवसांपर्यंत निम्मा, नंतर शून्य, पण जागा दुसऱ्याच्या नावावर करायला शेवटच्या रात्रीपर्यंत मोकळीक.

औंधची गाडी दुपारी दीडला मोकळी होते आणि ३०० किलोमीटरचे पैसे तुम्ही दिलेलेच असतात. सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, माहुलीकडे आहे, तिथून सामान घेऊन येणाऱ्याला रिक्षा शोधावी लागते. तीच गाडी दोन ते पाच स्थानक, बसस्थानक आणि सभागृह अशा फेऱ्यांना लावा. मात्र हे मालकाशी आधीच बोलून ठेवा. चालकाला दुपारी अचानक सांगितलं तर वाद होतो. लिंबच्या पहाटेच्या फेरीसाठी मात्र किमान किलोमीटरच्या भानगडीत न पडता स्थानिक गाडीवाल्याकडून ठोक दर घ्या.

चाहत्यांच्या संमेलनाला एक खास अडचण असते. निमंत्रित लेखक किंवा कलावंत सहलीला येणार असला की त्याच्याच गाडीत सगळ्यांना बसायचं असतं. जागा बदलण्यात वीस मिनिटं जातात आणि मागे राहिलेले दिवसभर रुसलेले राहतात. पाहुणे कोणत्या गाडीत हे जाहीर करू नका. जाताना एका गाडीत आणि परतताना दुसऱ्या गाडीत बसवा, जेवताना तिसऱ्या पंगतीत. त्यांनाही दोन तास सह्या न करता घाट पाहायचा असतो, त्यामुळे सह्यांची जागा भिलार, मेणवली नव्हे. वेशभूषा करून येणाऱ्यांना स्पष्ट सांगा: देवळात आणि घाटावर मुखवटे, खोट्या तलवारी, बंदुका नकोत. गावात लांबून पाहणाऱ्याला ती खोटी आहे हे कळत नाही. विहिरीच्या काठावर लांब झगा पायात येतो. ड्रोन परवानगीशिवाय नाहीच.

वाघनखांबद्दल विचारणा येईल. लंडनहून ती जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती, नंतर राज्यातल्या दुसऱ्या संग्रहालयात गेली. पत्रकात जुनी माहिती राहू देऊ नका.

माणसं मोजायची रीत साधी ठेवा. प्रत्येकाला गाडीत बसतानाच क्रमांक द्या आणि प्रत्येक थांब्यानंतर ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. यादी वाचण्यापेक्षा हे लवकर होतं आणि कोण नाही ते लगेच कळतं. शिवाय जोड्या लावा, म्हणजे आपला जोडीदार कुठे आहे हे एकाला तरी माहीत असतं. कागदाच्या चिठ्ठीवर गटप्रमुखाचा आणि चालकाचा नंबर, गाडीचा क्रमांक, निघायची वेळ छापून द्या. घाटात फोनची रेंज जाते. एकटी आलेली अल्पवयीन मुलं पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. पेटीत पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएस, प्लास्टिकच्या पिशव्या आणि टॉर्च. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीट आणि गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी. घाट सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नसतो. दर दीड तासाला स्वच्छतागृहाचा थांबा वेळापत्रकात लिहूनच ठेवा, आणि ते हॉटेल आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन पाहून या, शक्यतो एखादी बाई. इथे हयगय झाली की बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी एखादीला चक्कर येते.

सोमवारी पुण्याकडे जाणाऱ्यांना साताऱ्याला परत आणू नका. भिलारहून उतरताना वाई लागते, तिथल्या एसटी स्थानकावर पुण्याच्या गाड्या मिळतात. त्यांना सकाळीच सामान घेऊन बसायला सांगा, पण माणशी एकच बॅग. ट्रॅव्हलरच्या मागच्या कप्प्यात आठ-दहा बॅगांपुढे जागा नसते. कोण वाईला उतरणार हे नोंदणीच्या अर्जावरच विचारा आणि त्यांना सगळ्यांना शक्यतो एकाच गाडीत बसवा, म्हणजे दुसरी गाडी न थांबता साडेसहापर्यंत साताऱ्यात येते आणि संध्याकाळच्या रेल्वेवाल्यांची धावपळ होत नाही.